स्वधर्म कुठल्या किलोमीटरला संपतो?

"हा रस्ता आपल्याकडे नाही." सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, त्या सगळ्या काळात हे वाक्य मी झेडपीच्या माणसांकडून ऐकलं, नगरपरिषदेच्या माणसांकडून ऐकलं आणि आमच्या खात्यात तर ते सर्रास होतं. वाक्य खोटं नसतं. रस्ता खरोखरच त्यांच्याकडे नसतो. ज्याला गीता थोडीफार ठाऊक आहे, असा माणूस या वाक्याला धर्माचा आधारही देऊ शकतो. तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की आपला धर्म उणा वाटला तरी तोच धरावा. दुसऱ्याचा धर्म कितीही नीट पाळता आला तरी त्यात भय आहे. ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीत मन लावून काम करावं, पलीकडे हात घालू नये, असा त्याचा अर्थ मी बैठकांतून ऐकला आहे, आणि सांगणारी माणसं कामचुकार नव्हती.

मी वारकरी घरातला. घरी ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकत वाढलो आणि पोट रस्त्यावर भरलं. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून टोचत राहिला. एकच मोठा रस्ता. त्याची काही लांबी राज्याकडे, काही नगरपरिषदेकडे, काही झेडपीकडे. लांबी वाटता येते, निधी वाटता येतो, माणसं आणि यंत्रं वाटता येतात. धर्मही तसाच वाटता येतो का? एखाद्या किलोमीटरच्या दगडापाशी माझा स्वधर्म संपला, असं मला म्हणता येईल का?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मैलकुली होते. आता हे पद काय असतं ते मुलांना सांगावं लागतं. रस्त्याचे ठरावीक मैल एका माणसाच्या नावावर असत. फावडं, टिकाव, घमेलं आणि धुमस एवढी त्याची हत्यारं. साइडपट्टीवरचं गवत काढायचं, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा ओढायचा. खड्डा दिसला की त्याच्या कडा चौकोनी कापायच्या, आतली माती झाडून काढायची, खडी-मुरूम भरून धुमसायचं. पावसाळ्यात रात्री मोरी तुंबली तर कंदील घेऊन निघायचं. त्या मैलांत कुणाची बैलगाडी अडकली तर लोक खात्याला शिव्या देत नसत, थेट आमच्या घरी येत. जबाबदारीला तेव्हा एक चेहरा होता आणि तो चेहरा गावात राहत होता.

अण्णांच्या शेवटच्या दगडापलीकडचा रस्ता झेडपीचा होता. तिथं ओढ्याच्या उतारावर दर पावसाळ्यात घळ पडायची. अण्णा आपल्या मैलातलं काम झालं की उरलेला मुरूम त्या घळीत टाकून यायचे. मुकादम रागवायचा. सरकारी मुरूम दुसऱ्याच्या रस्त्यावर टाकलास, उद्या हिशेब कोण देणार? अण्णा वाद घालत नसत. एकदाच म्हणाले ते मला आठवतं : "बैलाला दगड वाचता येत नाही."

मुकादमाचंही चूक नव्हतं. हिशेब हाही धर्मच आहे. ज्यानं त्यानं मनाला येईल तिथं सरकारी माल टाकायचा ठरवलं, तर पुढाऱ्याच्या शेताकडे जाणारी वाट आधी गुळगुळीत होईल आणि मोरी फुटलेली राहील. म्हणून अण्णांचं वाक्य सांगून मला मोकळं होता येत नाही. दोघंही बरोबर होते आणि तरी घळ तिथं होती. विचार करायचा तो इथून.

आपल्याकडे रस्त्यांची वाटणी कशी आहे ते आधी पाहू. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग; हिरवा असेल तर राज्य महामार्ग; काळा असेल तर जिल्ह्याचा; नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. आमच्या कागदांवर राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे प्रजिमा, बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीकडे असतात. शहराच्या हद्दीत शिरलं की नगरपरिषद किंवा महापालिका येते. राज्यघटनेतही राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आणि बाकीचे रस्ते राज्याच्या सूचीत आहेत. 1992 सालच्या 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी आणि नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची जोडली. त्या दोन्हींत रस्ते आणि पूल पुन्हा आले. म्हणजे हा विषय घटनाकारांनी आणि नंतरच्या संसदेनं एकाच हाती ठेवला नाही. त्यांना तो अनेक हातांत असावा असंच वाटलं.

यात शहाणपण आहे. मुंबईत बसलेल्या सचिवाला आमच्या बाजारपेठेत शुक्रवारी गाड्या कुठं लागतात ते कळणार नाही. ते नगरपरिषदेलाच कळतं. उलट, घाटातली दरड हटवायची, नदीवरचा पूल बांधायचा, दोन जिल्ह्यांना जोडणारा रस्ता एका उंचीत न्यायचा, हे नगरपरिषदेला झेपणार नाही. मोठा रस्ता एकाच वेळी लांबच्या प्रवाशाचा असतो आणि तिथल्या दुकानदाराचा, शाळेत जाणाऱ्या पोरीचाही असतो. म्हणून त्याला दोन पालक असणं योग्य आहे. वाटणीला माझा विरोध नाही. वाटणीची रेघ जिथं पडते तिथं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

एका तालुक्याच्या गावाची गोष्ट. राज्य रस्ता गावाच्या हद्दीशी येतो आणि पुढे नगरपरिषदेचा होतो. अलीकडच्या लांबीत नवं कारपेट झालं. काम चांगलं होतं, जाडी नीट, उतार नीट. पण ते हद्दीपाशी थांबलं, कारण अंदाजपत्रक तिथंच संपत होतं. पलीकडचा थर जुना. दोन थरांमध्ये चार बोटं उंचीची पायरी पडली. गावाचं गटारही त्याच रेघेवर येऊन संपत होतं, कारण पुढचा चर खात्याचा, आणि तो टपऱ्यांखाली बुजलेला. गटाराचं पाणी रस्त्यावर साचायचं. डांबराला पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. पाणी खडीवरचं डांबर सोडवतं, मोकळी झालेली खडी चाकाखाली उडते आणि आठवड्याभरात पायरीच्या पायथ्याशी खळगा तयार होतो. वरून गढूळ पाणी असल्यामुळे तो दिसत नाही.

पहाटे दूध घालायला निघालेला एक माणूस मोटरसायकलवरून तिथं पडला आणि गेला. त्याच्या बायकोनं दोन्ही कार्यालयांकडे अर्ज केले. दोन्हीकडून उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं की अपघाताचं ठिकाण या कार्यालयाच्या अखत्यारीतील लांबीत येत नाही. दुसऱ्यानंही तेच लिहिलं होतं, फक्त शब्द वेगळे. गावात सरकारी कागद समजावून घ्यायला लोक माझ्याकडे येतात, तशी ती आली. मी टेप घेऊन जागेवर गेलो, दोन्ही नकाशे पाहिले. एका कार्यालयाची लांबी पायरीच्या वरच्या कडेला संपत होती, दुसऱ्याची खळग्याच्या थोडं पुढे सुरू होत होती, कारण दोघांनी हद्द वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खुणेवरून मोजली होती. आपापल्या नोंदीप्रमाणे दोन्ही पत्रं खरी होती. मी हे तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, मग ते पडले कुठं?"

मला रस्त्याचं तत्त्वज्ञान म्हणून जे काही सांगायचं आहे, ते सगळं या प्रश्नाच्या उत्तरात आहे. दोन खऱ्या विधानांची बेरीज खोटी निघाली. कुणीही आपल्या हद्दीत कामचुकारपणा केला नव्हता. कारपेट टाकणाऱ्यानं आपलं काम केलं, गटार बांधणाऱ्यानं आपलं केलं, पत्र लिहिणाऱ्या कारकुनानं नोंदवह्या तपासून लिहिलं. प्रत्येकानं आपला स्वधर्म पाळला, असं म्हणता येईल. आणि माणूस मेला. असा स्वधर्म गीतेला अभिप्रेत असेल का?

मी पुन्हा तिसऱ्या अध्यायाकडे गेलो. स्वधर्माचा उपदेश कुणाला केला आहे? जो समोर उभं असलेलं कर्म टाकून निघू पाहत होता, त्याला. अर्जुनाला थांबवण्यासाठी ते शब्द आले. आपण तेच शब्द निघून जाण्यासाठी वापरतो. शिवाय त्याच अध्यायात, त्या श्लोकाच्या बऱ्याच आधी, जनकाचा दाखला देऊन लोकसंग्रह सांगितला आहे : लोकांचं जगणं विस्कटू नये, एकत्र धरून राहावं, म्हणून कर्म करायचं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिलं, ते 1915मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी ज्ञानी माणसानंही कर्म का सोडू नये, याचं उत्तर लोकसंग्रहातच शोधलं. एकाच अध्यायातल्या या दोन गोष्टी सुट्या वाचायच्या नसतात. स्वधर्म मला सांगतो की माझे हात कुठं चालायला हवेत. लोकसंग्रह सांगतो की ते कुणासाठी चालायला हवेत. हद्दीच्या दगडापाशी नियम माझे हात थांबवू शकतो. ज्याच्यासाठी ते हात चालत होते तो माणूस मात्र दगडापाशी थांबत नाही, तो पुढे जातो.

इथं मुकादमाचा आक्षेप पुन्हा उभा राहतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. शाखा अभियंत्याला दुसऱ्याच्या लांबीत खर्च करता येत नाही. केला तर लेखापरीक्षणात वसुली निघते, आणि ती निघायलाच हवी. मग पलीकडे त्याचं काय उरतं? खूप काही उरतं. बघणं उरतं. आपलं कारपेट जिथं संपणार तिथं पायरी पडणार, हे अंदाजपत्रक करतानाच दिसतं. ते आधी कळवणं उरतं. शेवटच्या काही मीटरमध्ये उतार देऊन थर जुन्या पातळीला मिळवणं उरतं, आणि ते तर आपल्याच लांबीत बसतं. खळगा पडला तर दोन्ही बाजूंना चुना मारलेले दगड आणि लाल फडकं लावणं उरतं. समोरच्या कार्यालयातला माणूस जागेवर येईपर्यंत पाठपुरावा करणं उरतं. यातल्या कशालाही वेगळी प्रशासकीय मान्यता लागत नाही. काम वाटून घेता येतं. काळजी वाटून घ्यायला गेलो तर ती कुणाचीच राहत नाही.

ज्यानं गावच्या पतसंस्थेत कुणाला जामीन दिला आहे, त्याला हे फोड करून सांगावं लागणार नाही. कर्जाला दोन जामीनदार असले म्हणून प्रत्येकावर निम्मं कर्ज येत नाही. संस्था दोघांपैकी कुणाच्याही दारात पूर्ण रकमेसाठी उभी राहू शकते. एकानं भरलं की मग तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागेल. तो त्यांचा आपसातला हिशेब. दोघांत वाटलेली जबाबदारी अर्धी होत नाही. ती दोघांकडेही पूर्ण असते. धर्मविचारातही हे जुनंच आहे. कर्म करणारा, करवून घेणारा, त्याला प्रवृत्त करणारा आणि संमती देणारा, असे चौघे पाप-पुण्याचे सारखे भागीदार आहेत, असं आपले पूर्वज मानत. एका कर्माचे चार तुकडे करून चौघांना एकेक तुकडा द्यावा, असं त्यांना वाटलं नाही.

रस्त्यांच्या बाबतीत हाच विचार न्यायालयानं मांडला, याचं मला समाधान आहे. मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांवरची जनहित याचिका 2013 पासून चालली. तिची सुरुवात त्याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी लिहिलेल्या पत्रातून झाली होती. चांगला रस्ता हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं याच प्रकरणात म्हटलं. पुढे ऑक्टोबर 2025मध्ये आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना इजेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. पैसे आधी त्या यंत्रणेनं द्यायचे आणि मग ते दोषी अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करायचे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पडलेल्याकडे बघा, हद्द कुणाची ते नंतर ठरवा. त्या बाईच्या हातात दोन पत्रं होती. या क्रमानं चाललं असतं तर तिला दारोदार फिरावं लागलं नसतं.

आता दुसरी बाजू. जबाबदारी टाळणं जितकं वाईट, तितकंच ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणं वाईट. 15 डिसेंबर 2016ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा निर्णय दिला. 1 एप्रिल 2017पासून तो लागू होणार होता. हेतू स्वच्छ होता, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे होणारे मृत्यू थांबवणं. पण देशभर अनेक ठिकाणी दुकानं हलवण्याऐवजी रस्त्याचं नाव हलवलं गेलं. शहरांतून जाणारे राज्य महामार्ग महामार्गांच्या यादीतून काढून स्थानिक संस्थांकडे वर्ग करायची धावपळ झाली. महाराष्ट्रही त्याला अपवाद नव्हता. जुलै 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच स्पष्ट केलं की नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांना तो आदेश लागू नाही. तोवर कितीतरी ठिकाणी प्रश्न उभा राहिला होता : हा रस्ता आता आपला झाला, मग त्याची डागडुजी कोण आणि कशातून करणार?

जकात जाऊन बरीच वर्षं झालेली, पगारासाठी सरकारी अनुदानाकडे बघणारी नगरपरिषद. तिच्याकडे अवजड वाहनांचा रस्ता दिला आणि निधी दिला नाही, तर ती वाटणी होत नाही, तो त्याग होतो, आणि तोही दुसऱ्याच्या खर्चानं. ज्याचे हात बांधले आहेत त्याला कर्तव्य सांगणं हा अधर्म आहे. घटनेनंही नगरपालिकांबद्दल बोलताना जबाबदाऱ्यांबरोबर अधिकारांचा उल्लेख केला आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या कामात एक चांगली पद्धत आहे. बाह्यवळण झालं की गावातला जुना रस्ता राज्याकडे किंवा स्थानिक संस्थेकडे देण्याआधी एकदा पूर्ण सुधारून द्यायचा. देणाऱ्यानं सुस्थितीत द्यावं, हा साधा नियम प्रत्येक हस्तांतरणाला लागू झाला पाहिजे. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग आधी बांधकाम विभागाकडे होते, मग एमएमआरडीएकडे गेले आणि 2022मध्ये महापालिकेकडे आले. मुंबई महापालिकेची तिजोरी मोठी आहे, तिला ते पेलेल. तालुक्याच्या नगरपरिषदेला पेलणार नाही, आणि तिथला खड्डा मुंबईतल्या खड्ड्याइतकाच खोल असतो.

हे सगळं बोलणं कागदावरचं आहे, प्रत्यक्षात कुठं होतं, असं कुणी विचारलं तर मी आषाढीची वाट दाखवतो. माऊलींची पालखी आळंदीहून निघते. महापालिकांच्या हद्दी ओलांडून दिवेघाट चढते. पुढे सासवड, जेजुरी, वाल्हे. आता दिवेघाटापासून मोहोळपर्यंतचा हा मार्ग संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग म्हणून राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. पंतप्रधानांच्या हस्ते 8 नोव्हेंबर 2021ला त्याची पायाभरणी झाली. पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाट ठेवायचं त्या आखणीतच ठरलं. एका वाटेवर केंद्र, राज्य, दोन-तीन जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपरिषदा, कितीतरी ग्रामपंचायती. हद्दींची कमतरता नाही.

नीरेला नदीवर जिल्हा बदलतो. पादुकांना नीरास्नान होतं. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्ह्याचं प्रशासन निरोपाला उभं असतं, पलीकडे पाडेगावला सातारा जिल्ह्याचं प्रशासन स्वागताला. पुढे धर्मपुरीला सातारा निरोप देतो आणि सोलापूर पुढे येतो. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, झेडपीचे अधिकारी पालखीचं दर्शन घेतात. बघणाऱ्याला हा सत्कार-समारंभ वाटेल. मी रस्त्याचा माणूस म्हणून बघतो, तेव्हा मला ते हस्तांतरण दिसतं. पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, बंदोबस्त, मुक्कामाचा तळ, सगळं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं. पहिला निघून गेला आणि दुसरा अजून आला नाही, असा क्षण मध्ये येऊ दिला जात नाही. हद्द तिथंही आहेच. फरक एवढाच की हद्दीवर दोन्ही बाजूंची माणसं उभी असतात, एकाच वेळी, आणि लाखो लोक साक्षीला असतात.

दुसरी गोष्ट संध्याकाळच्या समाजआरतीची. तळावर दिंड्या गोल उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज एकदम गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही. ती टाळ वाजवत राहते. त्या शांततेत एका दिंडीचा टाळ सगळ्या तळाला ऐकू येतो. चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते विचारतात, त्याची तड लावतात, मग टाळ थांबतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, आरती त्यानंतर होते. तुमची दिंडी आमच्या यादीत नाही, पलीकडे जा, असं सांगून पुढे जायची सोय तिथं नाही, कारण तो टाळ थांबल्याशिवाय कुणालाच आरती म्हणता येत नाही. एकाची तक्रार ही सगळ्यांची अडचण होते. ही व्यवस्था आपल्याच लोकांनी, आपल्याच मातीत, कुठल्याही शासन निर्णयाशिवाय उभी केली आणि पिढ्यान् पिढ्या चालवली.

हे फक्त भक्तीच्या उमाळ्यानं होतं असं मानायलाही मी तयार नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं काय काय दान केलं त्याची ती नोंद. त्यात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. आणि पुढे एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो : या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्यानं विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. नाव देऊन तो थांबला नाही. उतरणाऱ्याला पलीकडच्या काठावर तहान लागेल, हे त्याच्या ध्यानात राहिलं. हा लेख देवाधर्माच्या दानांच्या यादीत कोरला आहे. वाटसरूची दुसऱ्या तीरावरची सोय हे पुण्यकर्म आहे, याबद्दल त्या काळी शंका नव्हती.

मग आज काय करावं? मोठमोठ्या सुधारणांआधी मला चार छोट्या गोष्टी हव्या आहेत. प्रत्येक हद्दीवर एक पाटी असावी आणि तिच्यावर दोन्ही कार्यालयांची नावं, दोन्ही फोन असावेत. कुठलाही लावला तरी तक्रार नोंदली गेली पाहिजे. मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी, दोन्हीकडच्या अभियंत्यांनी हद्दीच्या दोन्ही अंगांची लांबी एकत्र चालून पाहावी आणि एकाच कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. रस्ता वर्ग करताना तो सुधारून आणि देखभालीच्या तरतुदीसकट द्यावा. आणि 'आमच्या अखत्यारीत येत नाही' हे उत्तर कुठल्याही कार्यालयाला द्यायचं असेल, तर कुणाच्या अखत्यारीत येतं ते शोधून, अर्ज तिकडे पोहोचवून, पोहोच घेऊनच द्यावं. अर्जदाराला हद्दी ओलांडायला लावू नये. अर्जानं त्या ओलांडाव्यात.

आपल्याकडेही यातलं काही येतं. बुजलेल्या चरावरची टपरी आपल्यातल्याच कुणाची असते. लग्नाच्या मांडवासाठी रस्त्यात पहार मारणारे आपणच असतो. नळजोडणीसाठी डांबर फोडून वर माती लोटणारे आपणच असतो, आणि गटारात कचरा टाकताना ते कुणाच्या ताब्यात आहे हे आपण विचारत नाही. करणाऱ्या-करवणाऱ्यांबरोबर संमती देणाराही भागीदार असेल, तर गप्प बसलेलं गावही त्या भागीदारीत येतं. ज्या दिंडीनं टाळ वाजवायचा तिनंच तो खाली ठेवला, तर चोपदारानं जायचं कुणाकडे?

स्वधर्म कुठल्या किलोमीटरला संपतो, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे. खर्चाचा माझा अधिकार दगडापाशी संपतो आणि तो संपलाच पाहिजे. माझा स्वधर्म तिथं संपत नाही. पुढच्या माणसानं वाटसरूला आपल्या ताब्यात घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहीपर्यंत तो चालू राहतो. आणि पुढचा माणूस आलाच नाही, तर तो येईपर्यंत त्या वाटसरूपाशी थांबणं हेच तेवढ्या वेळापुरतं माझं काम असतं.